नऊ जणांचा ताप

घरात कुणाला ताप आहे का? गेल्या पंधरा दिवसांत कुणाला येऊन गेला का? कुणी पाहुणा आलाय का, आणि त्याला ताप आहे का? हे तीन प्रश्न मी नोकरीत इतक्या दारांवर विचारले की निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी ते जिभेवरून उतरलेले नाहीत. धाकट्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा 'या, बसा' म्हणायच्या ऐवजी मी मुलाच्या वडिलांना दुसरा प्रश्न विचारून बसलो. गृहस्थ बिचारे गोंधळून म्हणाले, "मागच्या महिन्यात जराशी कणकण होती." आमची ही चहा घेऊन येत होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खरोखरच घाम फुटला. लग्न मात्र जमलं.

मी सरकारी आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर होतो. कागदावर माझा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण गावोगावी मला 'तापवाला' म्हणत. दूध घेऊन येतो तो दूधवाला, बांगड्या घेऊन येतो तो बांगडीवाला, तसा मी तापवाला. काही घरांत तर लोकांची खरोखर अशी समजूत होती की ताप मीच पिशवीतून आणतो. मी गल्लीत शिरलो की बायका लेकरांना आत ओढून घेत.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या पाच-सात वर्षांतली. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव होतं आणि आमचा जिल्हा परभणी. माझं जन्मगाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूला. आमच्या बौद्धवाड्यात सरकारी नोकरी लागलेला मी दुसरा माणूस. पहिले एक मास्तर होते. माझी नेमणूक कळमनुरी तालुक्यात झाली तेव्हा माझ्या आईनं 'माझा खिल्लारे सरकारात हाय' असं कुरुंद्याच्या बाजारात ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांना सांगून टाकलं. पोटच्या पोराला आडनावानं हाक मारणारी आमच्याकडची ती एकटीच बाई असेल. साहेब लोक आडनावानंच बोलावतात, हे तिनं कुठूनतरी ऐकलं होतं.

काम काय होतं ते सांगतो. आखाडा बाळापूरपासून डोंगरकड्याकडे जाणाऱ्या अंगाची काही गावं माझ्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, ते तीन प्रश्न विचारायचे. कुणाला ताप असला किंवा येऊन गेला असला, की त्याच्या बोटाला सुई टोचायची आणि काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं. एक जाड ठिपका आणि शेजारी एक पातळ पुसट पट्टा. ठिपक्यावरून जंतू आहे की नाही ते कळतं, पट्ट्यावरून तो कोणता ते. मग तापाच्या गोळ्या द्यायच्या, वहीत नाव लिहायचं, आणि दाराआडच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. ती सही पाहायला मागाहून इन्स्पेक्टर येणार. काचा दवाखान्यात जाणार, तिथं दुर्बिणीखाली बघणारा माणूस असतो. एखाद्या काचेत जंतू निघाला की त्या माणसाला पाच दिवस समोर उभं राहून मोठं औषध द्यायचं. झालं, एवढंच काम. सांगायला चार ओळी लागतात, पण करताना सायकलची चेन आणि माणसाची सहनशक्ती दोन्ही झिजतात.

लोकांची तऱ्हा काय सांगावी. बाळापुरात एक हॉटेलवाला होता. तो दर पंधरवड्याला आपण होऊन बोट पुढे करायचा. ताप त्याला जन्मात आला नव्हता. गोळी कडू असते आणि कडू म्हटलं की अंगाला चांगलं, एवढ्याच श्रद्धेवर तो रक्त देत होता. कुरुंद्याकडे सुरुवातीला मी काही महिने काम केलं, तिथं हळद शिजवायच्या दिवसांत माणसांची बोटं अशी पिवळी असायची की स्पिरिटचा बोळा फिरवला की बोळा पिवळा आणि बोट तसंच. एका शेतकऱ्यानं चार गोळ्या घेतल्या आणि बैलाला चारल्या. का, तर बैल दोन दिवस गप्प गप्प होता. पुढच्या फेरीला मी विचारलं तर म्हणाला, "उतरला बराबर." आणि मुंग्या. हिवतापाच्या कामात मुंग्या हा मोठा विषय आहे हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. काचेवरचा रक्ताचा ठिपका मुंग्यांना फार आवडतो. कळमनुरीच्या स्टँडवर मी पेटी बाकाखाली ठेवून डुलकी काढली आणि उठून बघतो तर आठवड्याभराचा गोळा केलेला ताप मुंग्यांनी चाटून साफ केलेला.

आता जरा अवघड गोष्ट. रक्त घ्यायचं तर बोट धरावं लागतं. मी कोण ते गावात पाऊल टाकायच्या आधी पोचलेलं असायचं. ज्या घरात मला पाणी वरून ओतायचे, त्या घरातल्या मालकाचं बोट मी चिमटीत धरून दाबायचो. कायद्यानं जे केलं नसेल ते त्या सुईनं केलं, असं मी पुढे मित्रांत मोठ्या ऐटीत सांगायचो. प्रत्यक्षात लोकांनी आपापल्या वाटा काढल्या होत्या. कुणी मी गेल्यावर आंघोळ करत. एक पाटील डोळे घट्ट मिटून बोट पुढे करायचे. न बघितलेलं लागत नाही असा त्यांचा हिशोब असावा. मला राग यायचा, हसूही यायचं, आणि पुढचं घर गाठायचं असायचं.

पण एक घर असं होतं की तिथं वाटच नव्हती. डोंगरकड्याजवळच्या एका गावातलं हे घर. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून लग्नाला बोलावतात. नऊ माणसांचं भरलं घर आणि कारभार सगळा भागीरथाबाईंच्या हातात. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज असा की शेतात हाक मारली तर शेजारच्या शेतातली औतं थांबावीत. मी त्यांना पाटलीनबाई म्हणायचो. माझी चौकट त्यांनी दाराआड छापू दिली नव्हती, ती गोठ्याच्या भिंतीवर होती. मी अंगणात उभा राहून पहिला प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं.

"न्हाई. आमच्या घरात ताप येत न्हाई."

"पाटलीनबाई, कुणाचं अंग जराबी गरम झालं असंल तर—"

"गरम हाय ते डोकं हाय माझं. जाय."

असं वर्षभर चाललं. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या साक्षीनं सही करायचो आणि निघायचो.

आमचे इन्स्पेक्टर पाठकसाहेब. माणूस सरळ, पण आकड्यांचा भक्त. त्यांनी माझी वही उघडून त्या घरावर बोट ठेवलं. "नऊ माणसं, खिल्लारे. वर्षभरात एकालाही ताप नाही? तिकडे धरणाच्या कामावर मजुरांत ताप पसरलाय, आणि या घरात देवाची कृपा? तुम्ही तिथं जातच नाही." मी जातो म्हणालो. ते म्हणाले, "मग शनिवारपर्यंत त्या घरातल्या नऊच्या नऊ काचा माझ्या टेबलावर पाहिजेत. नाहीतर तुमच्या विरुद्ध रिपोर्ट वर जाईल." मी अजून कायम झालेलो नव्हतो. रिपोर्ट वर गेला की मी खाली येणार, हे मला ठाऊक होतं. आईला बाजारात काय सांगायला लागेल तेही डोळ्यांसमोर आलं.

शुक्रवारी गेलो. भागीरथाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी हात जोडले. माझी नोकरी जाईल, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "तुझी नोकरी जाऊन राहिली म्हनून मी माझ्या घरच्यांचं रगत देऊ व्हय? तुझ्याजवळ न्हाई का रगत?"

या बाईंनी हे नुसतं रागानं म्हटलं होतं. मी ते सल्ला म्हणून घेतलं.

गावाबाहेर बाभळीखाली सायकल लावली, काचा मांडल्या, आणि स्वतःची बोटं टोचायला बसलो. नऊ माणसं, नऊ बोटं. अंगठा भागीरथाबाईंच्या नावानं टोचला, मान मोठा म्हणून. त्यांच्या मालकांना तर्जनी. धाकटे दीर नामदेवराव, त्यांना मधलं बोट. थोरली सून सिंधू, तिला अनामिका. उजव्या हाताची करंगळी तेवढी शिल्लक राहिली. डाव्या हातानं उजवा हात टोचताना सुई दोनदा हाडापर्यंत गेली. वहीत नऊ नावं, नऊ जणांचा ताप आणि नऊ जणांना दिलेल्या गोळ्या लिहिल्या. गोळ्या तर माझ्याजवळच उरल्या होत्या. त्या परत नेल्या तर पकडला जाणार, म्हणून बाभळीच्या बुडाशी खड्डा करून पुरल्या.

आता या प्रसंगातली खरी गंमत ऐका. हे सगळं करताना मला थंडी वाजत होती. भर उन्हात दात वाजत होते. चार-पाच दिवसांपासून एक दिवस आड असंच होत होतं. मी धरणाच्या कामावरच्या झोपड्यांत मागच्या महिन्यात मुक्काम केला होता. थंडी वाजून ताप येतो, घाम येऊन उतरतो, एक दिवस आड येतो, हे वर्णन मी भिंतीवरच्या पोस्टरवरून लोकांना वाचून दाखवायचो. आणि स्वतःला वाटत होतं की उन्हात फिरून बाधलं असावं. ताप माझा, गोळ्या माझ्या हातात, आणि मी त्या मातीत घातल्या.

दवाखान्यात दुर्बिणीवर लतीफभाई होते. दिवसभर एक डोळा मिटून दुसऱ्यानं लोकांचं रक्त बघायचे, त्यामुळे बोलतानाही ते एक डोळा बारीक करत. मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. "खिल्लारे, तेरे नऊ के नऊ पॉझिटिव."

मी मागचं दार लोटून घेतलं.

"और एक बात बोलूं? नऊ आदमी का खून, लेकिन सब में जंतू बराबर एक सरीखे. गिनती एक, उमर एक. मेरी इतनी नौकरी हुई, ऐसा घर नहीं देखा. या तो इन नऊ लोगों को एक ही मच्छर एक ही टाइम पे लाइन लगाके काटा." त्यांनी माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं. मी रॉकेलच्या स्टोव्हजवळ अंग चोरून उभा होतो, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"नाहीतर काय?" मी विचारलं.

"नाहीतर तू चार गोळी खा ले."

मी त्यांना हात जोडून म्हणालो की निकाल बदला. ते म्हणाले, "मैं जो दिखता वो लिखता." आणि लिहिलं.

मला वाटलं होतं पाठकसाहेब संशय घेतील. पण ते खूश झाले. त्यांना जे वाटत होतं तेच खरं निघालं होतं. एका घरात नऊ रुग्ण सापडणं म्हणजे इन्स्पेक्टरची कामगिरी. त्यांनी जिल्ह्याला कळवलं, फवारणीची टोळी सांगितली, आणि गुरुवारी सकाळी मोठ्या औषधाची पुडकी घेऊन मला सोबत घेऊन त्या घरी गेले. मी स्वतःची समजूत घातली. धडधाकट माणसानं या गोळ्या पाच दिवस खाल्ल्या तर फार तर पोट बिघडेल. पाच दिवस जातील, प्रकरण मिटेल. खोटं बोलणाऱ्याला असा हिशोब लगेच जमतो.

साहेबांनी ओसरीवर बसून जाहीर केलं की या घरातल्या नऊही जणांच्या रक्तात हिवताप आहे. मला वाटलं, आता भागीरथाबाई म्हणणार की रक्त दिलंच कधी. मी तसा घाम पुसत उभाच होतो. पण सरकारी साहेब, शिक्का मारलेला कागद आणि नऊ नावं बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, घरातल्या कुणीतरी आपल्या पाठीमागं बोटं दिली असतील. त्यांनी एकेकाकडे बघितलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पाच मिनिटांत ते घर आजारी पडलं. मालक म्हणाले, "मला वाटतच व्हतं, चार दिस झाले भाकर गोड लागून राहिली न्हाई." कुणाचं डोकं ठणकायला लागलं, कुणाचे गुडघे. नामदेवराव तर औत जुंपायला निघालेले, ते परत फिरले, घोंगडं घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात आडवे झाले आणि कण्हू लागले. त्यांच्या बायकोनं त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. फडकं ठेवल्यावर त्यांचं कण्हणं वाढलं. त्या अंगणात खरा ताप असलेला एकच माणूस होता आणि तो औषधाची पिशवी धरून उभा होता.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "घरात कुणी गरोदर बाई आहे का? या गोळ्या गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला द्यायच्या नसतात."

"न्हाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

"ठीक. या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. सगळे जेवून घ्या, मग माझ्यासमोर घ्या."

घर ओसरीवरच जेवायला बसलं. मी गोठ्यात चौकटीवर सही करायला गेलो. सिंधू तिथं होती. घरच्या बायकांनी माझ्याशी बोलायची रीत नव्हती, ती आजवर कधी बोलली नव्हती. ती भिंतीची पांढरी माती नखानं खरवडून तोंडात टाकत होती. मला बघून तिनं हात पदरात लपवला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "भाऊ, त्या गोळ्यानं काय व्हतं?"

मी तिच्या हाताकडं बघितलं आणि मला सगळं कळलं. "कितवा महिना?"

"तिसरा सरला. आधी दोन येळा गेलं. आत्याबाईंनी शपथ घातली, पाच महिने कुनापुढं बोलायचं न्हाई. नजर लागती म्हंतात." तिचे डोळे भरले. "त्या सायबापुढं न्हाई म्हनल्या. आता मी कसं व्हय म्हनू?"

मी म्हटलं, "तुमी गोळी घेऊ नका." ती म्हणाली, "समोर बसून खायला लावून राहिले ना." आणि ओसरीकडे गेली.

मी तिथं म्हशीशेजारी उभा राहिलो. माझी नोकरी, आईचा बाजार, सगळं एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला जे होतं त्याला अजून नावसुद्धा नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण मी लगेच ठरवलं नाही. आधी पळवाट शोधली. जाऊन साहेबांच्या कानात सांगितलं की थोरली सून गरोदर असावी. साहेबांनी आपल्या पद्धतीनं ते सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं विचारलं.

भागीरथाबाई ताडकन उठल्या. "न्हाई म्हनलं ना एकडाव? आन ह्याला काहून ठाऊक आमच्या सुनंचं? हा आमच्या बायामानसाकडं बघून राहिला व्हय?"

सिंधूचा नवरा जेवता जेवता उठला. त्याचा हात खरकटा होता, पण मूठ वळलेली होती. पाठकसाहेब मला म्हणाले, "खिल्लारे, तुम्ही मागे व्हा. रिपोर्टमध्ये तिचं नाव आहे, तिला औषध घ्यावंच लागेल." आणि त्यांनी पुडकं फोडून गोळ्या सिंधूच्या तळहातावर ठेवल्या. तिनं सासूकडे बघितलं. भागीरथाबाईंनी मान दुसरीकडे वळवली. शपथ त्यांनीच घातली होती, आता ती त्यांच्याच गळ्याशी आली होती.

"साहेब, ते रक्त त्यांचं नाही," मी म्हणालो.

"काय?"

"सिंधूबाईंच्या नावाची काच. त्यांचं रक्त नाही ते."

"मग कुणाचं?"

"माझं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि बाकीची आठ?"

"तीपण माझीच."

कोपऱ्यातलं कण्हणं एकदम थांबलं. नामदेवराव घोंगड्यातून उठून बसले, कपाळावरचं फडकं मांडीवर पडलं. सिंधूनं गोळ्या पटकन जमिनीवर ठेवल्या. मालकांनी घास गिळला. पहिल्यांदा बोलल्या त्या भागीरथाबाई.

"म्हंजी आमच्या नऊ जनाच्या नावानं तुझं रगत गेलं सरकारात?"

"व्हय, पाटलीनबाई."

त्या साहेबांकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "सायेब, तुमच्या दुर्बिनीत कळलं न्हाई व्हय? ह्याचं कोनतं, आमचं कोनतं?"

पाठकसाहेब काढलेला चष्मा पुसू लागले. पुढे मी हा प्रश्न लतीफभाईंना सांगितला तर ते म्हणाले, "रंग डालने के बाद सबका जामनी दिखता, भाई."

मग मात्र मला जे ऐकायला लागलं ते छापण्यासारखं नाही. निम्मं साहेबांकडून, निम्मं त्या घराकडून. नामदेवराव सगळ्यांत जास्त चिडले होते, त्यांचं दुखणं वाया गेलं होतं. सिंधूचा नवरा माझ्यावर धावून आला. त्याला भागीरथाबाईंनीच हातानं अडवलं, का ते मला तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात माझी थंडीची वेळ झाली. मी अंगणात मटकन खाली बसलो आणि दात वाजायला लागले. साहेब शिव्या देता देता थांबले, माझ्या मानेला हात लावून बघितला, आणि कपाळाला हात मारून म्हणाले, "अहो, हा खरंच आजारी आहे."

जिल्ह्याची जीप दुसऱ्या दिवशी यायची होती. साहेबांनी नऊ रुग्ण कळवले होते आणि हातात एकच उरला होता. त्यांनी मला त्या जीपसमोर उभं केलं. माझ्या नावावर ठपका बसला, लेखी माफी द्यावी लागली, आणि तीन महिने लतीफभाईंच्या हाताखाली काचा धुवायला बसवलं. नोकरीतून काढलं नाही, कारण नऊ पॉझिटिवच्या रिपोर्टवर काही न तपासता पाठकसाहेबांनीही सही केली होती. मला काढायचं तर त्यांनाही उत्तर द्यावं लागलं असतं. सरकारी कामात अशी दया कधीकधी आपोआप होते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ते दहा-अकरा दिवस मी अंगात ताप घेऊन गावोगाव मुक्काम केले होते. त्यानंतर त्या टापूत दोन खरे रुग्ण सापडले, एक म्हातारा आणि एक शाळकरी पोरगी. दोघंही बरी झाली. त्यांना ताप माझ्यामुळे आला असं कुणीच म्हटलं नाही. मी म्हणतो. एका डासाला किती लांब उडता येतं हे मला शिकवलेलं आहे, आणि मी कुठल्या चावडीत झोपलो होतो तेही मला ठाऊक आहे.

काचा धुण्याची शिक्षा संपली आणि मला माझी गावं परत मिळाली. त्या घराच्या अंगणात मी फक्त प्रश्न विचारायचो, उत्तर 'न्हाई' आलं की मान डोलावून निघायचो. गोठ्याकडे जाताना सिंधू दिसायची. तिचं पोट आता कुणाच्या शपथेनं लपण्यासारखं राहिलं नव्हतं. मी मान खाली घालून जायचो. ओसरीवरून मला कुणी शिव्या देत नव्हतं, एवढं मला पुरेसं होतं.

पुढे थंडीच्या दिवसांत एकदा मी अंगणात सायकल लावली आणि प्रश्न विचारायच्या आधीच भागीरथाबाई आतून बाहेर आल्या. हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू होतं. त्या ओसरीवरून खाली उतरल्या. आजवर त्या माझ्यासाठी कधी उतरल्या नव्हत्या.

"काल सांजच्यानं अंग गरम हाय," त्या म्हणाल्या. "दूध बी घेऊन राहिला न्हाई. बघ."

तान्ह्या बाळाचं रक्त बोटातून घेत नाहीत, पायाच्या अंगठ्यातून घेतात. त्यांनी दुपटं बाजूला करून लेकराचा पाय माझ्या हातात दिला. तो पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. मी आधी हात मांडीवर घासून घेतले. एकदाच टोचलं. पोरानं असा टाहो फोडला की आतून सिंधू धावत आली आणि दारातच थबकली. मी ठिपका घेतला, पट्टा ओढला, आणि नाव विचारलं. ठेवलं नव्हतं अजून. मी वहीत 'सिंधूबाईंचा मुलगा' असं लिहिलं.

ती काच मी पेटीत ठेवली नाही. मुंग्यांची भीती होती. कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातली आणि तडक दवाखाना गाठला. लतीफभाईंना म्हणालो, हातातलं सगळं सोडा, आधी हे बघा. त्यांनी एक डोळा मिटला. इतका वेळ लावला की मला त्यांच्या पाठीवर बुक्की मारावीशी वाटली. मग म्हणाले, "कुछ नहीं. साफ है. सर्दी होगी, बच्चे को डॉक्टर के पास ला."

निगेटिव निकाल कुणाच्या घरी सांगायला जायची आमच्यात पद्धत नव्हती. ज्याच्या रक्तात काही नाही त्याला काही कळवायचं नाही, असाच नियम. मी त्याच पावली उलटा सायकल मारत गेलो. भागीरथाबाई नातवाला मांडीवर घेऊन अंगणातच बसून होत्या. मी दुरूनच ओरडलो, "काई न्हाई. रक्त साफ हाय. साधी सर्दी असंल, डॉक्टरला दाखवा."

सिंधूनं दारातच डोळ्याला पदर लावला. भागीरथाबाईंनी मात्र पोराला सुनेकडे दिलं, उठून माझ्याजवळ आल्या, आणि डोळे बारीक करून विचारलं, "तपासलेलं रगत बराबर लेकराचंच व्हतं ना?"

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते आपल्या हातांत घेतले, उजेडाकडे वळवले, आणि दहाही बोटं एकेक करून नीट तपासून बघितली.